चित्रांचं पुस्तक आणि पंधरा वर्षांचा मुलगा

माझा भाचा 15 वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, बोलतो कमी, आणि त्याच्या हातात चित्रांचं पुस्तक दिसलं की कोणीतरी म्हणतंच, "अगं, हे तर बाळांचं आहे ना?" मला हे फार लागतं. कारण त्याच पुस्तकात एका पानावर एकच गोष्ट असते, चेहरे मोठे असतात, तेच वाक्य परत परत येतं, म्हणजे पुढे काय येणार हे त्याला आधीच कळतं आणि तो निवांत होतो.

मी वाचताना ओळीचा शेवटचा शब्द सोडते आणि थांबते, खरंच थांबते, मनात दहापर्यंत मोजून. कधी तो शब्द म्हणतो, कधी नुसतं चित्रावर बोट ठेवतो. दोन्ही उत्तरंच आहेत.

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरल ग्रे यांनी 1990च्या सुमारास सोशल स्टोरीज सुरू केल्या, म्हणजे डेंटिस्टकडे जाणं वगैरे प्रसंग आधीच छोट्या गोष्टीतून सांगायचे. आम्हीही भाच्याचे फोटो चिकटवून तसं पुस्तक केलं, विषय मात्र त्याच्या वयाचा हवा हं, म्हणून दाढी करणं. काल ते त्याने स्वतःहून आणून माझ्या मांडीवर ठेवलं.