वरातीची घोडी

वैशाखातली दाट तीथ. पेठ रोडजवळच्या एका तबेल्यातून चाचांचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, घोडी खाईना. पोटात दुखतंय वाटतं." संध्याकाळच्या वरातीची सुपारी घेतलेली, त्यामुळे आवाजात घाई होती.

पोट दुखणारा घोडा लोळतो, कुशीकडे वळून बघतो. ही मात्र चारही पाय फाकवून लाकडी घोड्यासारखी ताठ उभी. कान टवकारलेले, शेपटी उचललेली, नाकपुड्या फुललेल्या. दातांत भरड्याचा घास तसाच अडकलेला आणि जबडा उघडेना. हनुवटीखाली हलकी टिचकी मारली, तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून तिसरी पापणी सर्रकन सरकून बुबुळावर आली. हे दिसल्यावर फारसा विचार करावा लागत नाही. धनुर्वात.

"चाचा, नाल कधी मारली?"

"पंधरवडा झाला असेल. एक खिळा आत लागला होता. हळद-तेल भरलं, बुजली जखम."

बुजली हेच वाईट झालं. हे जंतू मातीत, लिदीत कायमचे असतात आणि त्यांना वाढायला हवा न पोचणारी जागाच लागते.

शेजारचे एक जाणते गृहस्थ तेलाची बाटली घेऊन पाजायला पुढे आले. गिळता न येणाऱ्या जनावराला पाजलेलं फुप्फुसात उतरतं. मी त्यांना जरा तोडूनच बोललो.

खूर कोरून काळपट पू काढला, हायड्रोजन पेरॉक्साइडने धुऊन भोक मुद्दाम उघडं ठेवलं. पेनिसिलिन, जंतूंच्या विषावर उतारा म्हणून अँटिटॉक्सिन, स्नायू सैलावायला एसीप्रोमॅझिन. पण मज्जातंतूंना एकदा चिकटलेलं विष अँटिटॉक्सिनने सुटत नाही. ते ओसरेपर्यंत अंधार आणि शांतता, एवढंच हातात. दाराला गोणपाट लावलं, कानांत कापूस घातला.

तेवढ्यात रस्त्यावरून दुसरीच वरात आली. ताशाच्या पहिल्याच तडतडीला घोडीची पाठ ताणली गेली, अंगावर घाम फुटला. या आजारात घोडा आडवा झाला की उठणं कठीण. चाचा अनवाणीच बाहेर धावले. बँडवाले रोजच्या ओळखीचे. गल्ली ओलांडेपर्यंत वाद्यं बंद राहिली, नाचणारे कुरकुरत पुढे गेले.

मान खाली जात नव्हती म्हणून पाण्याची बादली छातीच्या उंचीवर टांगली. सलाइनवर दिवस काढले. पुष्कळ घोडे यातून वाचत नाहीत. ही दुसऱ्या आठवड्यात ओला कोंडा ओठांनी ओढू लागली. चाचांनी मोसमाच्या उरलेल्या सुपाऱ्या परत केल्या आणि दुसऱ्या घोड्याला टॉक्सॉइड, म्हणजे धनुर्वाताची लस, टोचून घेतलं.