तीन डब्या आणि एक वावर : दिवाळी ते मे

मागच्या नोंदीत काळ्या डबीतल्या इअरबड्सचं भरभरून कौतुक केलं होतं. ते मागे घेतो. घरात पलंगावर पडून, फोन उशाशी ठेवून ऐकलं की कुठलेही इअरबड्स गोडच वाजतात. दिवाळीनंतर तीनही जोड्या वावरात नेल्या आणि माझी सगळी क्रमवारी उलटीपालटी झाली.

नवीन वाचणाऱ्यांसाठी एवढंच: काळी डबी ७९९ रुपयांची, पांढरी १,२९९ची, निळी १,८९९ची. एएनसी, म्हणजे बाहेरचा गोंगाट दाबायची सोय, फक्त निळीत. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही, नाव आलं की चर्चा भलतीकडेच जाते. वावर हिंगणघाट तालुक्यात, खरिपात पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर, रब्बीत तुकडाभर हरभरा.

नोव्हेंबर, वेचणी

काळी डबी घरी एकदाही अडखळली नव्हती. फोन पँटच्या डाव्या मागच्या खिशात, मी स्वयंपाकघरापासून गोठ्यापर्यंत फिरतोय, गाणं अखंड. तोच फोन, तोच खिसा, आणि पऱ्हाटीच्या तासात शिरलो की दर चार पावलांनी आवाज तुटायचा. वाटलं नग खराब निघाला. संध्याकाळी घरी आणला तर ठणठणीत. दुसऱ्या दिवशी वावरात पुन्हा तेच.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि पाण्याने भरलेलं आपलं शरीर त्या लहरी गिळून टाकतं. घरात भिंती, छत, लोखंडी कपाट यांच्यावर आपटून लहर वळसा घेते आणि कानापर्यंत पोचते. मोकळ्या वावरात ती परतवायला काहीच नसतं. फोन डाव्या ढुंगणाशी आणि ऐकणारा कान उजवा, म्हणजे मध्ये अख्खा माणूस आडवा. काळीत फोनशी बोलणारा बड उजवाच आहे. हे कसं कळलं? उजवा डबीत टाकला की डावाही क्षणभर मुका होतो, आणि कॉल चालू असेल तर तो फोनच्या स्पीकरवर उडी मारतो. फोन शर्टाच्या खिशात आणला, तुटणं बंद. पांढरी आणि निळी मागच्या खिशातूनही चालल्या, निळी मात्र वाकून वेचताना अधूनमधून गचके खायची.

तेव्हा नवीन जोडी तपासायची तर ती गावाबाहेरच्या ग्राउंडवर. फोन चारही खिशांत आलटून-पालटून ठेवा, मान दोन्हीकडे वळवा. दहा मिनिटांत कळतं. घरातल्या दोन भिंतीआडून किती मीटर चालतं, ही माहिती मला आजवर कधी उपयोगी पडली नाही.

वेचणीतली दुसरी भानगड रुईची. तंतू बडच्या जाळीवर बसतो आणि कानातला मळ त्याला तिथेच लिंपून टाकतो. तीन आठवड्यांत पांढरीचा डावा कान निम्म्या आवाजावर आला. ‘एक साइड गेली’ म्हणून जे नग कोपऱ्यात पडतात, त्यातले बरेचसे असे बुजलेले असतात. जाळी जमिनीकडे धरायची आणि कोरड्या, मऊ टूथब्रशने हलकेच झाडायचं, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडतो. सुई घालायची नाही. मी जुन्या जोडीवर घातली होती, जाळीच आत गेली.

खोक्यावर लिहिलेलं आयपीएक्स४ इथे कामाचं नाही. त्यातला ४ पाण्याच्या शिंतोड्यांसाठी. एक्सच्या जागी धुळीचा आकडा असायला हवा होता. एक्स म्हणजे धुळीसाठी काही दर्जा सांगितलेलाच नाही. पांदणीने रोज जाणाऱ्याने आयपी५५ असं लिहिलेलं शोधावं, त्यातला पहिला ५ धुळीचा. माझ्या तिन्हींत असं एकही नाही. घामाला तिन्ही पुरल्या.

जानेवारी, रात्रीचं ओलीत

हे सविस्तर लिहितो, कारण माझं मत इथेच फिरलं.

आमच्या लाइनला थ्री फेज त्या आठवड्यात रात्रीची होती. हरभऱ्याला स्प्रिंकलर लावलेला. मी धुऱ्यावर घोंगडं पांघरून बसलो, निळी डबी दोन्ही कानांत, एएनसी चालू. कशाची चाचणी? तर मोटारीचा आवाज किती दबतो याची. आणि काय सांगू, पुसूनच टाकला हो! एएनसीला सगळ्यात चांगला जमणारा आवाज हाच: जाड, सलग, एकसुरी. मोटर, पंखा, बसचं इंजिन. कुत्र्याचं भुंकणं किंवा माणसाची हाक ती तेवढी अडवत नाही, पण कानात घट्ट बसलेलं रबर आणि वरून चालू असलेलं गाणं मिळून तेही अडवतातच. मी वहीत ‘एएनसी: उत्तम’ असं लिहिलं.

ओलीत करणारा माणूस डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त पाहतो. नोझल फिरतंय तोवर चक-चक-चक आवाज येतो. मध्ये काडी अडकली की त्या जागेची चक-चक थांबते आणि अंधारातही कळतं, तिसरं नोझल अडलं. पाइपाची कडी निसटली तर भळभळ ऐकू येते, मोटारीचा सूर हलका होतो. मला यातलं काहीच ऐकू आलं नाही. खालच्या अंगाचा एक पाइप निसटला होता आणि तासाभराहून जास्त वेळ एकाच ठिकाणी पाणी फेकत होता. शेजारच्या वावरातले काकाजी बॅटरी घेऊन आले, माझ्या खांद्याला हात लावला तेव्हा मी केवढ्याने दचकलो.

“कानात बोळे घालून ओलीत करून राह्यला काय बाप्पा? तिकडं पाय तं, नाला झाला!”

हरभऱ्यात घोट्याएवढा चिखल. पाणी त्यांच्याही वावरात गेलेलं. वर त्यांनी ऐकवलं की रानडुकरं आली असती तरी तुले समजलं नसतं. खरं होतं.

त्या रात्रीपासून माझी कसोटी एकच: एका कानावर ही जोडी कशी चालते? कॉल किती स्वच्छ, बॅटरी किती, कान बदलताना काय होतं, सगळं एका कानाने. उरलेला कान वावराला.

अशा वापराचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. एक बड कानात, दुसरा डबीत चार्ज होतोय. पांढरीचा एक बड ६० टक्के आवाजावर ५ तास ४० मिनिटं चालला. तो संपेतो दुसरा भरून तयार, म्हणजे आठ तासांचं ओलीत आरामात निघतं. काळीत बदलताना तो मघाचा मुकेपणा येतो. पांढरीत येत नाही. निळीत एक बड काढला की एएनसी आपोआप बंद होते, तेच बरं.

खोक्यावरच्या ‘४० तासां’चा हिशेबही त्याच वहीत आहे. पांढरीच्या प्रत्येक बडमध्ये ४० एमएएचची बॅटरी, डबीत ४००ची. कागदावर दोन्ही बड पाच वेळा भरायला हवेत. प्रत्यक्षात साडेतीन वेळा भरले. डबीतली वीज बडमध्ये उतरताना व्होल्टेज वर-खाली होतं आणि काही उष्णता होऊन उडते. माझे एकूण तास साडेपंचवीस आले. तक्रार नाही, फक्त ४० वाचून कुणी हुरळून जाऊ नये.

थंडीतली एक बारीकशी गोष्ट. कानावरून दुपट्टा बांधला की कापड टच बटणाला घासतं. गाणं थांबतं, पुढचं लागतं, एकदा तर सासऱ्यांचा फोन कटला. पांढरी आणि निळीच्या अ‍ॅपमधून टच बंद करता आलं. काळीला अ‍ॅप नाही, म्हणून ती थंडीभर घरीच राहिली.

मार्च, थ्रेशर

हरभरा काढताना कॉलची चाचणी घेतली. थ्रेशरपासून वीस पावलांवर उभा राहून नागपूरच्या ताईला तिन्हींवरून फोन. ईएनसी आणि एएनसी यांत दुकानदारसुद्धा घोळ घालतात, म्हणून लिहून ठेवतो: एएनसी तुमच्या कानासाठी, ईएनसी समोरच्याच्या कानासाठी. ईएनसी तुमच्या माइकमधला गोंगाट गाळते, तुम्हाला त्याने काही शांत वाटत नाही.

काळीवर ताई म्हणाली, “विहिरीतून बोलून राह्यला काय रे?” पांढरीवर थ्रेशर जवळजवळ गायब, पण माझ्या शब्दांची शेपटंही गायब, ‘पोतं’ म्हटलं की तिला ‘पो’ ऐकू येई. निळीने शब्द जपले, पण वारा सुटला की माइकच्या भोकात फडफड. दुपट्ट्याचा एक पदर त्यावरून घेतला तर फडफड निम्म्यावर आली. आणि मग मी नुसता फोन कानाला लावला तर ताई म्हणे, हे बरं आहे, असंच बोल! बाजारभावाचं, पैशाचं बोलणं मी आता फोनवरच करतो.

कॉल लागला की गाण्यापेक्षा आवाज फिका का होतो, असं बऱ्याच जणांनी विचारलं होतं. गाणं आणि कॉल हे ब्लूटूथचे दोन वेगळे रस्ते आहेत. माइक उघडला की जोडी कॉलच्या अरुंद रस्त्यावर येते. बड खराब नसतो. कोडेकचं, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या पद्धतीचं म्हणाल, तर अँड्रॉइड फोनच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतील, तिथे दिसतं. काळी एसबीसीवर चालते, बाकी दोन्ही एएसीवर. कीर्तनात आणि बातम्यांत मला फरक कळला नाही. बासरीत थोडा कळला, तोही रात्री, अंगणात.

थ्रेशरजवळ गाणं ऐकायचा मोह आवरा. गोंगाटावर मात करायला आपण आवाज नकळत चढवतो. प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे, आणि आवाज थोडा वाढला तरी तास झपाट्याने कमी होतात.

मे

दुपारी डबी गाडीच्या डिक्कीत राहिली. घरी येऊन चार्जिंगला लावली तर लाल दिवा लुकलुकतोय, काटा हलत नाही. लिथियम सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आमच्याकडे सावलीतला पाराच तिथे जातो, डिक्कीचं तर विचारूच नका. फरशीवर अर्धा तास ठेवली, निमूट चार्ज झाली. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत दव धरतं.

चार्जिंगचेच आणखी दोन घोळ. काळी डबी फोनच्या नव्या चार्जरवर, म्हणजे दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर, मेल्यासारखी पडते. जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवर लगेच जिवंत. स्वस्त डबीत दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, ते नसले की सी-टू-सी चार्जर वीजच सोडत नाही. तेव्हा डबी फेकण्याआधी केबल बदलून पाहा. दुसरं, लाइन गेल्यावर पॉवर बँकेला लावली की थोड्या वेळाने पॉवर बँक आपणच बंद पडते. डबी इतकी कमी वीज ओढते की तिला वाटतं, काही जोडलेलंच नाही. मी सोबत फोनही लावतो, मग दोन्ही भरतात.

आजची स्थिती. निळी मायनं घेतली, दुपारी कूलरच्या घरघरीत तिला हरिपाठ ऐकायचा असतो, आणि तिथे एएनसी शोभते. काळी पुतण्याकडे. वावरात माझ्यासोबत पांढरी, एका वेळी एकच बड. पण तिचा उजवा गेल्या आठवड्यापासून ८० टक्क्यांच्या वर चढत नाहीये. चार्जिंगची पितळी टोकं घामाने हिरवट दिसतात, आज ती पुसून पाहतो. फरक पडला तर पेरणीच्या आधी इथे लिहीन.