ऑड्स रेशो सव्वादोन म्हणजे धोका सव्वादोनपट का?

तुमच्या थिसिसमधल्या ऑड्स रेशोबद्दल तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. थिसिस घेऊन येणाऱ्या पीजीच्या (पदव्युत्तर) मुलामुलींचा हा प्रश्न दरवर्षी ठरलेला : "मॅडम, ऑड्स रेशो २.२५ आलाय. धोका सव्वादोनपट, असं लिहू ना?"

नका लिहू. आधी सांगा, ज्या गोष्टीचा अभ्यास केलात ती किती जणांत आढळली?

समजा, एका गटात शंभरपैकी ६० जणींना गरोदरपणात ॲनिमिया झाला, दुसऱ्या गटात ४० जणींना. धोका काढताना दोन्ही आकड्यांना शंभराने भागायचं. गुणोत्तर येतं दीड. ऑड्स काढताना ज्यांना झाला त्या आकड्याला ज्यांना झाला नाही त्या आकड्याने भागायचं : ६० भागिले ४०, आणि ४० भागिले ६०. आता गुणोत्तर २.२५, हाच ऑड्स रेशो. बायका त्याच, आजार तोच. आजार हजारात एकदोघींना होणारा असता तर 'न झालेल्या' आणि 'सगळ्या' हे आकडे जवळपास सारखेच असते आणि दोन्ही उत्तरं जुळली असती. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. इथे ती सवलत नाही.

या चुकीने काय होतं, त्याचं एक उदाहरण मला विसरता येत नाही. १९९९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अमेरिकी अभ्यास आला. छातीत दुखतंय म्हणणाऱ्या पेशंटच्या चित्रफिती ७२० डॉक्टरांना दाखवल्या. पेशंट म्हणजे गोरे आणि कृष्णवर्णीय नट-नट्या. यांना कॅथेटरायझेशनला (हृदयापर्यंत नळी घालून करायच्या तपासणीला) पाठवाल का, हा प्रश्न. गोऱ्यांना ९०.६ टक्के वेळा पाठवलं, कृष्णवर्णीयांना ८४.७ टक्के. ऑड्स रेशो ०.६. बातम्या झाल्या : कृष्णवर्णीयांना पाठवण्याची शक्यता ४० टक्क्यांनी कमी! प्रत्यक्षात ८४.७ भागिले ९०.६ म्हणजे ०.९३, सात टक्क्यांनी कमी. त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये लिसा श्वार्ट्झ, स्टीव्हन वोलोशिन आणि गिल्बर्ट वेल्च यांनी ही गफलत दाखवून दिली.

मला खरी टोचते ती पुढची गोष्ट. गोरे पुरुष, गोऱ्या स्त्रिया, कृष्णवर्णीय पुरुष या तिघांनाही ९०.६ टक्केच वेळा पाठवलं होतं. कमी पाठवलं ते फक्त कृष्णवर्णीय स्त्रियांना, ७८.८ टक्के वेळा. अन्याय कोणावर होतोय हे त्या टक्क्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि गाजला तो ०.६.

म्हणून ऑड्स रेशो टाकाऊ ठरत नाही. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० साली फुप्फुसाच्या कॅन्सरचे ७०९ रुग्ण आणि कॅन्सर नसलेले तितकेच रुग्ण घेऊन त्यांच्या धूम्रपानाची तुलना केली. कॅन्सरचे किती आणि कॅन्सर नसलेले किती घ्यायचे हे संशोधकानेच ठरवलेलं, तेव्हा त्यातून धोका थेट काढणार कसा? तिथे ऑड्स रेशोच लागतो, आणि कॅन्सर विरळा असल्याने तो धोक्याच्या गुणोत्तराच्या जवळ जातो.

तुमचा अभ्यास मात्र कोहॉर्ट आहे, म्हणजे आधी गट घेऊन पुढे कोणाला आजार होतो ते पाहणारा; गटांचे टक्के तुमच्याच टेबलात आहेत. लॉजिस्टिक रिग्रेशन या संख्याशास्त्रीय पद्धतीने ऑड्स रेशो दिला म्हणून तोच लिहायला हवा असं नाही; रोबस्ट व्हेरिअन्स (अनिश्चिततेचा अंदाज सुधारणारी दुरुस्ती) घेऊन पॉयसन रिग्रेशन ही दुसरी पद्धत लावलीत तर रिस्क रेशो, म्हणजे धोक्याचं गुणोत्तर, मिळेल. तो लिहा, आणि शेजारी वरच्या ६० आणि ४० सारखे तुमच्या दोन्ही गटांचे टक्के लिहा. परीक्षकांनी ऑड्स रेशोच मागितला तर तोही द्या, फक्त त्याच्यापुढे 'धोका' हा शब्द नको.