उसाच्या फडातली पोस्ट-टेस्ट

बी. एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचे विषय ठरायला लागले की सांगलीकडचा एखादा ग्रुप ऊसतोड महिलांकडं वळतोच. विषय चांगला आहे. माणसं जवळच उतरलेली असतात आणि अंगात रक्त कमी असणं, पाळीतली स्वच्छता हे प्रश्नही खरे आहेत. पण गाईडनं टॉपिकला होकार दिला की त्या आनंदात एक गोष्ट विचारायची राहून जाते : पोस्ट-टेस्टच्या, म्हणजे शिकवून झाल्यावर तेच प्रश्न परत विचारायच्या दिवशी या बायका त्या तळावर असतील का?

गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं आणि मार्चच्या आसपास पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो. मधेही टोळी एका जागी राहीलच असं नाही, मुकादम म्हणेल तिकडं ती हलते. म्हणून तारखा शेवटाकडून मोजा. पोस्ट-टेस्ट जानेवारीअखेर म्हटली, तर सात दिवस आधी प्री-टेस्ट (शिकवण्याआधीची चाचणी) आणि शिकवणं, त्याआधी पायलट (थोड्या जणींवरची रंगीत तालीम), त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी, त्याआधी तज्ज्ञांकडून टूल, म्हणजे प्रश्नांचा संच, तपासून घेणं. म्हणजे टूल दिवाळीच्या सुमारास हातात पाहिजे. कमिटीची एक बैठक हुकली तर पुढचीची वाट बघत बसायचं, आणि मंजुरीआधी गोळा केलेला एकही कागद चालत नाही.

सॅम्पल किती, याला ‘मागच्या बॅचनं ६० घेतले’ हे उत्तर नव्हे. नुसत्या टक्केवारीचा सर्व्हे असेल तर ४०० जणींमधून, ५ टक्के चूक धरून, ४०० भागिले (१ + ४०० × ०.०५ × ०.०५) म्हणजे २०० येतात. आधी-नंतरच्या तुलनेचं गणित वेगळं असतं, ते स्टॅटिस्टिशियनकडून आधीच करून घ्या. शेवटी ६० हव्या असतील आणि दहा टक्के गळतील असं वाटत असेल, तर सुरुवात ६७ पासून करा. आणि पायलटमधल्या बायका मुख्य सॅम्पलमध्ये परत घ्यायच्या नाहीत. पायलट ६ जणींवर करून त्यावरून रिलायबिलिटीचा (टूल भरवशाचं आहे का, याचा) आकडा काढतात, त्या आकड्याला काडीचा अर्थ नसतो.

खरी गोची भाषेत आहे. टूल इंग्रजीत बनतं, मग कुणीतरी रात्रीत मराठी करतं, आणि ‘रक्तक्षयावर उपयुक्त लोहयुक्त आहाराचे स्रोत कोणते?’ असा प्रश्न कोपीपुढं (त्यांच्या झोपडीपुढं) जाऊन पडतो. ती बाई मान हलवते. तुम्ही चूक म्हणून ० लिहिता. तिला पालेभाजी माहीत असते, ‘स्रोत’ माहीत नसतो. ‘अंगात रक्त वाढायला काय खावं?’ असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं. म्हणून मराठी झाल्यावर मूळ टूल न पाहिलेल्या माणसाकडून ते परत इंग्रजीत करून घ्या आणि पायलटमध्ये प्रत्येक प्रश्नामागं विचारा, ‘ताई, तुम्हाला यातून काय कळलं?’ अनेकींना वाचता येत नाही, तेव्हा प्रश्न तुम्हीच वाचणार. मग ती प्रश्नावली राहत नाही, मुलाखत होते, आणि पद्धतीच्या प्रकरणात तसंच लिहायचं. बरोबर पर्यायावर आवाज चढवायचा नाही. हे सगळ्यांकडून होतं! संमतीपत्रही वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि ग्रुपबाहेरच्या साक्षर साक्षीदाराची सही घ्यायची.

वेळ मिळते ती संध्याकाळी, चूल पेटायच्या आसपास. ३० प्रश्नांना एका बाईमागं वीस-पंचवीस मिनिटं जातात. चौघी मिळून एका संध्याकाळी दहाएक होतात. सगळ्या ६७ जणींची प्री-टेस्ट उरकून मग शिकवायचं म्हटलं तर आठवडा त्यातच जातो, आणि पहिल्या दिवसाच्या बायका शेजारणीला उत्तरं सांगून मोकळ्या होतात. त्यापेक्षा एकेक तळ घ्या : त्या तळाची प्री-टेस्ट, लगेच शिकवणं, सातव्या दिवशी तिथलीच पोस्ट-टेस्ट. मग पुढचा तळ.

दोन्ही कागदांवर एकच कोड हवा. नाव लिहायचं नाही हे सगळ्यांना पाठ असतं, कोड मात्र विसरतो. मग कोणत्या बाईचा आधीचा कागद कोणता हे कळत नाही आणि त्याच बाईच्या आधीच्या-नंतरच्या गुणांची तुलना करणारी पेअर्ड टी-टेस्ट करताच येत नाही. कोड आणि नावाची यादी वेगळ्या वहीत, कुलपात. एक्सेलमध्ये बरोबर १, चूक ०. न विचारलेला प्रश्न रिकामा ठेवायचा, तिथं ० टाकायचा नाही.

मग काय-स्क्वेअर, म्हणजे दोन गोष्टींचा (इथं शिक्षण आणि ज्ञान) संबंध आहे का ते बघणारी टेस्ट. शिक्षणाचे पाच गट, ज्ञानाच्या तीन पातळ्या, म्हणजे १५ चौकटी. त्यात ६० बायका वाटल्या की सरासरी चारच येतात. अपेक्षित संख्या पाचाखाली गेलेल्या अशा चौकटी जास्त असल्या की त्या उत्तरावर विसंबता येत नाही, पण सॉफ्टवेअर बिनदिक्कत आकडा देतं आणि तो तसाच टेबलात जातो. गट कमी करा : शाळेत गेलेल्या आणि न गेलेल्या, पुरेसं ज्ञान आणि अपुरं. चारच चौकटी उरतात, आणि तिथंही कमी पडलं तर कमी संख्येसाठीची फिशरची टेस्ट आहे. फक्त हे गट डेटा बघण्याआधी ठरवा, सिग्निफिकंट (नुसता योगायोग नाही असं म्हणता येणारं) उत्तर येईपर्यंत जोडतोड करू नका. आणि सॉफ्टवेअरनं पी-व्हॅल्यू (नुसत्या योगायोगानं असं उत्तर यायची शक्यता) ०.००० दाखवली तर रिपोर्टमध्ये ‘पी ०.००१ पेक्षा कमी’ असं लिहायचं. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलचं, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाचं बोट बहुधा तिथंच पडतं.