उकळी फुटण्याआधी

‘इतक्या कडक बाईंकडे तुम्ही दोन वर्षे टिकलात तरी कशा?’ जपानमधल्या क्योटोहून स्वयंपाक शिकून परतल्यापासून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आरडाओरडा असतो. पण सेन्सेईंचा, म्हणजे माझ्या त्या गुरूबाईंचा, चढलेला आवाज मी एकदाही ऐकला नाही. त्या चूक सांगत नसत, चाखायला लावत.

पहिले तीन महिने मी केवळ दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले पातळ सार, केली. होक्काइदोच्या रिशिरी भागातले कोंबू हे वाळवलेले समुद्री शेवाळ सुमारे 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचे, उकळी फुटण्याआधी बाहेर काढायचे, मग पाणी पुन्हा तापवून त्यात कात्सुओबुशीचा, म्हणजे धुरी देऊन लाकडासारख्या कडक वाळवलेल्या माशाचा, पातळ कीस घालून लगेच गाळायचे, एवढीच कृती. पण खळखळून उकळी आल्याशिवाय आमटी झाली असे न मानणाऱ्या घरात मी वाढले होते. एके दिवशी कोंबू उकळले, आणि वर नारळाचे दूध काढताना पिळतो तसे मी गाळण्याचे फडकेही घट्ट पिळले. सेन्सेईंनी दोन वाट्या पुढे ठेवल्या. त्यांची दाशी नितळ सोनेरी होती. माझी गढूळ, उग्र वासाची आणि जिभेवर किंचित कडवट. माझी त्यांनी ओतून दिली नाही, मुळा शिजवायला वापरली, आणि तेच मला अधिक लागले.

रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी 1908 मध्ये कोंबूतून ग्लुटामेट हा चव देणारा घटक वेगळा काढून त्या चवीला ‘उमामी’ हे नाव दिले, हे मला पाठ होते. सेन्सेईंना त्याचे काडीचे कौतुक नव्हते. मी ‘का?’ विचारले की उत्तर एकच: ‘आधी पिऊन पाहा.’ माझे जपानी तोकडे असल्यामुळे ही पद्धत माझ्या पथ्यावरच पडली. एप्रनची गाठ तीनतीनदा सोडायला लावणे मात्र निव्वळ हट्ट होता, असे मला आजही वाटते.

तर, टिकले ती एका सकाळच्या बळावर. त्या दिवशी पाहुणे यायचे होते. सेन्सेईंनी माझी दाशी चाखली, काही न बोलता चवीपुरते मीठ घालून ती पाहुण्यांच्या लाखी वाट्यांत ओतली, प्रत्येकीत युझू या सुवासिक लिंबासारख्या फळाच्या सालीची एकेक चकती ठेवली आणि झाकणे लावली.