पेन ड्राइव्ह रिकामा दिसला तरी फॉरमॅट करू नका

घरच्या संगणकात व्हायरस शिरल्याचे कळले की ओळखीतले कोणीतरी लगेच सांगते, ‘फॉरमॅट मारून टाका.’ आपल्याकडे ‘शॉर्टकट व्हायरस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराबाबत हा सल्ला मला घातक वाटतो. या संसर्गात फायली बहुधा जागच्या जागी शाबूत असतात, आणि लोक त्या गमावतात त्या व्हायरसपेक्षा घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे.

बहिणीच्या घरी नुकतेच हे जवळून पाहायला मिळाले. भाच्याने प्रवेशाची कागदपत्रे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती, आणि त्याच पेन ड्राइव्हवर घरच्या समारंभांचे फोटोही होते. घरी येऊन तो संगणकाला जोडल्यावर प्रत्येक फोल्डरच्या चिन्हावर कोपऱ्यात छोटा बाण दिसू लागला. मात्र डबल क्लिक केल्यावर फोल्डर उघडत असल्यामुळे कोणाला काही वावगे वाटले नाही. मी तपशील पाहिला तेव्हा त्या ‘फोल्डरां’चा आकार एक-दोन केबी एवढाच होता, पण ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये निम्म्याहून अधिक जागा व्यापलेली दिसत होती. ही तफावत हाच महत्त्वाचा पुरावा आहे. जागा व्यापलेली असेल, तर मजकूर अजून आतच आहे.

हा व्हायरस मूळ फोल्डरांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही गुणधर्म लावून दृष्टीआड करतो आणि त्यांच्याच नावाचे शॉर्टकट, म्हणजे मूळ जागेकडे नेणाऱ्या छोट्या फायली, समोर मांडतो. शॉर्टकटवर क्लिक केले की आधी व्हायरसची स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, चालते आणि मग खरे फोल्डर उघडले जाते, त्यामुळे वापरणाऱ्याला संशय येत नाही. पूर्वी ड्राइव्ह जोडताच त्यावरचा प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या विंडोजमधील ऑटोरन सुविधेमुळे पेन ड्राइव्हवरचे व्हायरस पसरणे फार सोपे होते. 2008 च्या अखेरीस आलेल्या कॉनफिकर या व्हायरसने त्या वाटेचाही फायदा घेतला होता. विंडोज 7 मध्ये पेन ड्राइव्हसाठी ती सुविधा बंद ठेवण्यात आली आणि फेब्रुवारी 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजसाठीही तसे अपडेट सर्वांपर्यंत पोहोचवले. तेव्हापासून अशा व्हायरसना आपल्या क्लिकची गरज भासते, आणि ती क्लिक मिळवण्यासाठीच शॉर्टकटचा हा देखावा उभा केला जातो.

साफसफाई करताना क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. संगणकात स्क्रिप्ट चालू असताना पेन ड्राइव्ह कितीही स्वच्छ केला, तरी ती काही क्षणांत पुन्हा शॉर्टकट तयार करते. म्हणून ड्राइव्ह काढून ठेवून आधी संगणक हाती घ्यावा. संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज स्क्रिप्ट होस्ट’ अशा नावाची प्रक्रिया विनाकारण चालू दिसली, तर ती या व्हायरसची असण्याची दाट शक्यता असते. ती थांबवावी, स्टार्टअपच्या यादीतील अनोळखी नोंद बंद करावी आणि मग विंडोजमध्येच असलेल्या डिफेंडर या अँटिव्हायरसचे ऑफलाइन स्कॅन चालवावे. हे स्कॅन विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच काम करते, त्यामुळे व्हायरसला लपायला वाव कमी मिळतो. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस बसवण्याचा उपाय मात्र करू नये. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात.

त्यानंतर पेन ड्राइव्ह जोडून तोही स्कॅन करावा, आणि खरा धोका नेमका इथे असतो. अँटिव्हायरस शॉर्टकट काढून टाकतो, पण लपवलेल्या फोल्डरांचे गुणधर्म पूर्ववत करतोच असे नाही. परिणामी ड्राइव्ह पूर्ण रिकामा दिसतो, अँटिव्हायरसने फोटोच पुसले असा समज होतो आणि हताश झालेला माणूस फॉरमॅटचे बटण दाबतो. बहिणीचाही हात तिथेच गेला होता. फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय निवडूनही काही दिसत नाही, कारण ‘सिस्टिम’ हा गुणधर्म कायम असतो. त्यासाठी संरक्षित सिस्टिम फायली लपवण्याच्या पर्यायावरची खूणही काढावी लागते. तसे करताच सगळे फोल्डर फिकट रंगात समोर आले, आणि बहिणीने खुर्ची ओढून एकेक फोटो उघडून पाहायला सुरुवात केली. प्रॉपर्टीजमधील ‘हिडन’ची चौकट मात्र निष्क्रिय असते, त्यामुळे तिथून खूण काढता येत नाही. ते काम कमांड प्रॉम्प्टमधील ‘ॲट्रिब’ ही आज्ञा करते. तिच्यापुढे वजा एच, वजा आर, वजा एस आणि उपफोल्डरांसाठीचे एस व डी हे पर्याय (-h -r -s /s /d) द्यावे लागतात. आज्ञा देताना ड्राइव्हचे अक्षर दोनदा तपासावे, कारण तीच आज्ञा चुकून सी ड्राइव्हवर चालवली, तर विंडोजच्या फायलींचे गुणधर्म बदलतात.

फायलींच्या नावांपुढे अनोळखी शेपूट लागले असेल आणि पैशांची मागणी करणारी चिठ्ठी दिसत असेल, तर तो रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, असतो आणि हे उपाय तिथे लागू पडत नाहीत. अशा वेळी इंटरनेट तोडावे, खंडणी देऊ नये आणि युरोपोल या युरोपीय पोलीस यंत्रणेच्या सहभागाने 2016 मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमाकडे त्या प्रकारासाठी मोफत उतारा उपलब्ध आहे का, हे पाहावे.

बहिणीकडे आता दुकानात नेण्यासाठी वेगळा, लहान क्षमतेचा पेन ड्राइव्ह ठेवला आहे. त्यावर फक्त छापायची पीडीएफ फाइल असते, आणि घरचे फोटो एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर असतात, जी काम झाले की संगणकापासून काढून ठेवली जाते.