तुम्ही विचारलंत म्हणून: मांजर आजारी आहे हे तुम्हाला कळतं कसं?

शेजारच्या अक्का विचारतात, सुताच्या गोण्या घेऊन येणारा टेम्पोवाला विचारतो, भाचीच्या मैत्रिणी फोन करून विचारतात: "मांजर तर काही बोलत नाही. मग ते आजारी आहे हे तुम्हाला कळतं कसं?"

सोलापूरच्या पूर्व भागात आमचं घर आहे. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. उंदीर सुताची नासाडी करतात म्हणून सासूबाईंनी पहिली मांजर आणली, आणि तेव्हापासून या घरात मांजर नाही असं झालं नाही. मी डॉक्टर नाही. पण वीस-बावीस वर्षं यांच्यासोबत काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. मांजर आजार दाखवत नाही, ते रोजचं काहीतरी करायचं सोडून देतं. म्हणून तुम्हाला तिचा रोजचा दिवस पाठ हवा.

चिंगीचा दिवस सांगते. पहाटे दूधवाल्याच्या आवाजाला ती जिन्यावर हजर असते. खाऊन झालं की पुढचा पंजा चाटून कानामागून फिरवत तोंड धुते, मग पाठ, मग शेपूट. हे सगळं दहा-पंधरा मिनिटं निवांत चालतं. माग सुरू झाले की ती वर येऊन कपाटावर चढते, एका उडीत. दुपारी पंख्याखाली फरशीवर लांबलचक पसरते. वाळूच्या टबात दिवसातून दोन-तीनदा जाते आणि नीट उकरून झाकते. डोळे स्वच्छ, कान आवाजाकडे वळणारे, केस चपटे बसलेले आणि चमकदार. बरगड्या बोटांना लागतात, पण डोळ्यांना दिसत नाहीत. हे तिचं बरं असणं. हे ठाऊक असलं की यातलं एक जरी मोडलं तरी लगेच खटकतं.

आणि तरीही माझी चूक झाली. चार वर्षांपूर्वीचा मे महिना होता. पारा ४३ वर. चिंगीने सकाळी खाल्लं नाही. मी म्हटलं, ऊन आहे, आपल्यालाही कुठे जेवण जातंय. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा फेस ओकला. तरी मी उन्हावरच ढकललं. संध्याकाळी अक्का जिन्यात थांबून म्हणाल्या, "पिल्ली कपाटावर दिसंना की दोन दिवस." (त्या तेलुगू बोलणाऱ्या. त्यांच्या भाषेत मांजरीला पिल्लीच म्हणतात. माझी चिंगी म्हातारी झाली तरी त्यांच्यासाठी पिल्लीच राहणार.) मी शोधलं तर ती पलंगाखाली, भिंतीकडे तोंड करून बसलेली. चारही पाय पोटाखाली घेतलेले, पाठ वर काढलेली, कान बाजूला पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. जवळ घेतलं तर घुरघुरली. मला वाटलं, बरी आहे. आता ठाऊक आहे की मांजर दुखत असतानाही घुरघुरतं.

डॉक्टरांनी तिचा जबडा उघडला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हनुवटीच्या मधल्या मऊ जागेवर खालून दाब दिला. जीभ वर उचलली गेली. जिभेच्या मुळाशी पांढऱ्या सुताचा फास बसला होता, आमच्याच मागावरचं सूत. दुसरं टोक पोटात उतरलेलं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. एकदा सूत जिभेवर आलं की ते थुंकता येत नाही, आतच जातं. एक टोक अडकलं की आतडं पुढे ढकलत राहतं आणि त्या सुतावर गोळा होतं, परकराच्या नेफ्यात नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडतात तसं. ताणलेलं सूत मग आतड्याला आतून कापायला लागतं. मी डॉक्टरांना विचारलं, "ओढून काढता येणार नाही का?" त्यांनी माझा हात बाजूला केला. ओढलं असतं तर आतडं फाटलं असतं. त्याच रात्री ऑपरेशन झालं आणि चिंगी वाचली.

सोलापुरात सूत, दोरा, नाडी नाही असं घर विरळा. म्हणून हे एवढं लांबवून सांगितलं. मांजराच्या तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, तसंच घेऊन दवाखाना गाठा. घरात विड्या वळत असाल तर तंबाखूचं सूपही झाकून ठेवा. ते अंगाला लागतं, मांजर अंग चाटतं, आणि निकोटिन त्याला विषच.

बाळूचं सांगायला आजही जड जातं. दांडगा बोका होता. एका रविवारी तो सारखा टबात जाऊन बसू लागला. जोर करायचा, ओरडायचा, खालची जागा चाटायचा. मी समजले, शी होत नाही, आणि थोडं एरंडेल दिलं. वाळू हाताने चाचपून बघितली असती तर कळलं असतं की ती दिवसभर कोरडी होती. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. खड्याने किंवा चिकट गाळाने ती बंद झाली की लघवी तुंबते, रक्तात विष चढतं, आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडतं. सोमवारी रात्री नेलं तेव्हा त्याचं अंग गार पडलं होतं. तुमच्याकडे बोका असेल आणि तो टबात बसून नुसता जोर करत असेल, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. माझ्या लेखी हे या सगळ्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य आहे.

अशीच घाई श्वासाची. कुत्रं तोंड उघडून धापा टाकतं ते त्याचं नेहमीचं. मांजर तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते संकटात आहे. हिरड्याही बघायची सवय लावा, वरचा ओठ जरासा उचलला की दिसतात. गुलाबी हव्यात. पांढुरक्या म्हणजे रक्त कमी, पिवळ्या म्हणजे कावीळ, निळसर म्हणजे प्राणवायू पुरत नाही.

नाक कोरडं म्हणजे ताप, हे मात्र मनातून काढून टाका. उन्हात झोपून उठलेल्या धडधाकट मांजराचंही नाक कोरडं असतं. अंग गरम लागतं म्हणूनही घाबरू नका. आपलं ३७ अंश, तर त्यांचं मुळातच ३८ ते ३९. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला आणि तसाच राहिलेला दिसला, तर ते लक्षण खरं. अंग चाटणं थांबून पाठीवर केसांचे पुंजके दिसू लागले, तर तेही खरं. आणि ताप आहे वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एका गोळीने जीव जातो.

पाण्याकडे माझं लक्ष आपोआप जातं, कारण आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, प्रत्येक भांडं मापून भरलेलं असतं. राणी बारा वर्षांची झाली तेव्हा तिची वाटी दिवसातून दोनदा रिकामी होऊ लागली, पूर्वी एकदाही होत नसे. टबातले ओले गोळेही मोठे झाले. सगळे म्हणाले, पाणी पितेय ते चांगलंच की. रक्त तपासलं तर मूत्रपिंडं थकायला लागली होती. वेळेत कळल्यामुळे खाणं बदललं आणि ती पुढे अडीच वर्षं आमच्यात राहिली.

पिल्लांचं वेगळं. ती तासातासाने उतरतात. पिल्लू पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलंय, पीत नाही, उलट्या होतायत, असं असेल तर दुपारची संध्याकाळ करू नका. हा बहुतेक वेळा पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे मांजरांचा विषाणूचा आजार असतो. त्याची लस आठव्या आठवड्याच्या आसपास सुरू करता येते. मोठ्या मांजरालाही उपाशी राहणं सोसत नाही. दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि लठ्ठ मांजराला हा धोका जास्त.

आता वजन. खाली सुताचे कोन तोलायचा काटा आहे. दर महिन्याच्या एक तारखेला कोनाच्या रिकाम्या खोक्यात मांजर बसवते, काट्यावर ठेवते आणि आकडा कॅलेंडरच्या त्याच चौकोनात लिहिते. तीन-साडेतीन किलोच्या जिवाचं अर्धा किलो घटणं म्हणजे साठ किलोच्या बाईचं नऊ-दहा किलो घटणं. लांब केसांखाली ते डोळ्यांना दिसत नाही, काट्याला दिसतं.

रात्री माग थांबले की घर एकदम शांत होतं. तेव्हा चिंगी गाढ झोपलेली असते. मी तिच्याजवळ बसून श्वास मोजते. पोट एकदा वर आलं, खाली गेलं की एक. मिनिटाला तिसाच्या आत हवेत. रोज त्याहून जास्त भरू लागले तर हृदय किंवा फुप्फुस तपासून घ्यायचं. काल तिचे २२ भरले.